दहावीनंतर: वळवायचं की वळू द्यायचं?

निकालाच्या दिवसांत माझ्या दुकानात चादरींपेक्षा अकरावीचीच चौकशी जास्त होते, कारण आमच्या घरात दोन्ही प्रकार होऊन गेलेत. थोरलीला आम्ही सायन्सकडे वळवलं. तिचा ओढा चित्रकलेकडे होता, जेकार्डच्या, म्हणजे चादरीवर नक्षी विणायच्या, डिझाइनचे कागद तासन्‌तास बघत बसायची. धाकट्याला गणित बरं जमायचं, पण त्यानं कॉमर्स मागितलं आणि आम्ही दिलं. फी, कटऑफ, हॉस्टेल हे सगळं तुम्हाला माहीत आहेच, ते सोडून बोलतो.

वळवण्याची बाजू दुबळी नाही. सोलापुरात ज्यांनी लक्ष्मी-विष्णूसारख्या गिरण्या बंद पडताना पाहिल्या, त्यांना पोराच्या आवडीआधी महिन्याचा पगार दिसणारच. शिवाय बारावी सायन्स करून पुढं कॉमर्स, आर्ट्सला जाता येतं, उलटं इंजिनिअरिंगला जाता येत नाही. थोरली आज पुण्यात आयटीत आहे, हुतात्मा एक्स्प्रेसनं येऊन-जाऊन असते, घराच्या कर्जाला तिचा हातभार आहे. ती दुःखी आहे असं मी म्हणणार नाही.

पण दार बंद होण्याची भीती आपण जरा फुगवतो. डिझाइन शिकण्यासाठी आयआयटीची युसीड ही प्रवेश परीक्षा किंवा एनआयडी या डिझाइन संस्थेची परीक्षा कुठल्याही शाखेतून देता येते. पाच वर्षांच्या लॉच्या सीईटीचंही तसंच. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला हे फारसं कुणी सांगत नाही. मग त्यानं मान डोलावली, तर तो होकार किती धरायचा?

मला खरं टोचलं ते वेगळंच. थोरलीच्या क्लासची रविवारची टेस्ट झाली की मार्कांचा मेसेज माझ्या मोबाइलवर यायचा. ती सायकलवरून घरी पोचायच्या आत मला आकडा कळलेला असायचा. आत येताना ती आधी माझं तोंड बघायची. ताटात भाकरी, शेंगाची चटणी, आणि घास मोडायच्या आधी फिजिक्स निघायचं. पुढं पुढं ती मला ऐकायचं असेल तेच बोलायला लागली: झालाय अभ्यास, समजलंय सगळं. तिनं स्वतः निवडलं असतं तर मार्क तिचे राहिले असते. निवड आमची, म्हणून राखणही आमच्याकडेच आली. माझ्या दुकानाचा रोजचा गल्ला कुणी परस्पर माझ्या वडिलांना कळवला असता, तर मी आठवड्याच्या आत भांडलो असतो. पोरगी दोन वर्षं काही बोलली नाही.

धाकट्याचा अकौंट्सचा पेपर बिघडला तेव्हा त्यानं स्वतः येऊन सांगितलं. चिडलो मी, पण कळलं ते त्याच्याच तोंडून. आता सीएची मधली परीक्षा, इंटर, सुटलीय, आर्टिकलशिप म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी चालू आहे. त्याचा स्टायपेंड बहिणीच्या पगारापुढं काहीच नाही, आणि नातेवाईक लग्नकार्यात हा हिशोब मांडतातच. मांडू देत.

डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जायचा मधला रस्ताही आपल्याकडं बरेच जण घेतात. हातानं काम करायला आवडणाऱ्या पोरांना चांगला आहे. तिथंही ढकलूनच पाठवायचं असेल, तर मात्र फरक फक्त कॉलेजच्या पाटीचा.

दोन पोरांवरून नियम काढू नये, कबूल. कुणाचं पोरगं ढकलल्याशिवाय हलतच नसेल, त्याला माझं सांगणं लागू होणार नाही. घरात खरीच ओढाताण असेल, लवकर पगार लागणार असेल, तर वळवायलाही माझी ना नाही. फक्त पोराला कारण तेच सांगा, ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणू नका. माझं विचाराल तर तिसरं पोरगं असतं, तर अकरावीचा फॉर्म त्याच्याच हातानं भरू दिला असता आणि क्लासच्या कागदावर मोबाइल नंबरही त्याचाच लिहिला असता.