यारीची टोळी: शेतातल्या विहिरीला उत्तम, जुन्या बांधीव विहिरीला अटी घालूनच

सोलापुरात विहिरीतला गाळ काढायला यारीची (बादलीनं गाळ वर ओढणाऱ्या यंत्राची) टोळी सहज मिळते. शेतातल्या विहिरीसाठी या सेवेला नाव ठेवायला जागा नाही. रस्ता खोदताना उघडी पडलेली जुनी चिरेबंदी विहीर मात्र तिच्या हाती तशीच सोपवू नये. राज्य पुरातत्त्व विभागाची पाहणी होईपर्यंत तर यारी आणूच नये.

पहिली गडबड उपशात होते. टोळीला मोठा पंप लावून एका दिवसात तळ गाठायची घाई. पण आतलं पाणीच भिंतीला टेकू देत असतं. ते झटक्यात उतरलं, की मागच्या मुरमात आणि काळ्या मातीत साठलेलं पाणी दगडांना आत रेटतं. चुना सुटलेला थर ढासळतो. दिवसाला दोन-तीन फूटच उपसा, आणि दर टप्प्यावर ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) लावून भिंतीचा फुगवटा बघायचा. तेवढे दिवस शेजारी रस्त्याचा रोलर बंद. यारी कठड्यावर टेकवू नका.

वायूच्या बाबतीत ही मंडळी अजून कंदिलावरच आहेत. कंदील विझला तर प्राणवायू कमी, एवढंच समजतं. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू त्यात कळत नाही, आणि तो जास्त झाला की नाकाला वासही येईनासा होतो. शिवाय तो गाळ ढवळल्यावर सुटतो; सकाळी एकदा मोजून भागत नाही. चार वायूंचा (प्राणवायू, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि ज्वलनशील वायू) मीटर दिवसभर खाली हवा. प्राणवायू १९.५ टक्क्यांखाली असेल तर कुणी उतरायचं नाही. उतरणाऱ्याला दोराशी जोडणाऱ्या सुरक्षा पट्ट्याला टोळी हसते. हसू द्यावं, पट्टा बांधायला लावावा.

गाळ उपसण्यात हात मात्र सफाईदार. फक्त बादली थेट डंपरमध्ये रिकामी होते, तिथे अडवा. तळाचा गाळ खोलीनुसार वेगळा ठेवून चाळून घ्यायचा. दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ऐवज निघाला, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं.

थारोळं (मोटेचं पाणी पडायची दगडी जागा), मोटेची धाव (बैलांची उतरती वाट), दोरानं पडलेल्या खाचा यांना टोळी ‘फालतू दगड’ म्हणते. त्यांचे फोटो आणि मापं आधी घ्या. पिंपळाची मुळं उपटू देऊ नका. दगड त्यांच्यात गुंतलेले असतात. शेवटी टोळी ‘सिमेंटनं दर्जा (दगडांमधले सांधे) भरून देतो’ म्हणते. त्याला नकार द्या, सांधे चुन्यानेच भरायचे.