इन्फ्युजनला वरून जाळी की खाचांचा कोअर?

फायबरग्लासच्या बोटीचं इन्फ्युजन, म्हणजे मोल्डमधलं कोरडं काचेचं कापड पिशवीत सीलबंद करून (हेच बॅगिंग) व्हॅक्यूमने त्यात रेझिन ओढणं. एकदा तरी बॅगिंग केलेल्यांसाठीच लिहितोय, त्यामुळे पंप कुठला, गेज कुठला यात शिरत नाही. प्रश्न एवढाच की रेझिनला वाट वरून द्यायची, म्हणजे कापडावर पसरलेली जाळी, फ्लो मेश, का आतून, म्हणजे कापडाच्या दोन थरांमधला (दोन स्किनमधला) खाचा पाडलेला पीव्हीसी फोम, तोच कोअर.

वाट द्यावीच लागते. १८५६ साली दार्सीने वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचा जो नियम मांडला तोच काचेच्या कापडालाही लागतो, आणि व्हॅक्यूमने एका वातावरणाच्या वर दाब काही मिळत नाही, म्हणून अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये बादलीतलं रेझिन तेवढी वाट बघत नाही, आधीच घट्ट होतं.

खाचांचा कोअर कामाला सोपा, खरंच. जाळी कापा, बसवा, नंतर पील प्लायसकट (खालचं सोलून काढायचं कापड) ओरबाडून फेका ही कटकट नाही, दोन्ही स्किन जवळपास बरोबरीने भिजतात. खाचांत रेझिन भरून वजन वाढतं, पण ते मी चालवून घेतलं असतं.

रेघा नाही चालल्या. गडद निळ्या जेलकोटचं (बाहेरचा रंगीत थर) हल, म्हणजे बोटीचं बाहेरचं अंग होतं, मोल्डमधून निघालं तेव्हा आरसा, पोरांनी फोटो पण काढले. आठवड्याने संध्याकाळचं ऊन तिरपं आलं आणि अख्ख्या बाजूवर चौकटी, गणिताच्या वहीसारख्या! खाचेत नुसतं रेझिन, ते क्युअर, म्हणजे घट्ट होताना आकसतं आणि बाहेरची स्किन पातळ असली की तिला आत ओढतं. चार दिवस घासून पॉलिश मारलं, तरी गिऱ्हाइकाने बोट बरोब्बर तिथेच ठेवलं.

जाळीत वरचं कापड भिजून पुढे पळतं, मोल्डकडचं मागे राहतं, आणि वरून बघून वाटतं झालं काम. म्हणून मी जाळी कडेच्या चार बोटं अलीकडेच थांबवतो, तिथे रेझिन रेंगाळतं तोवर खालचं गाठतं. कोअर साधा, नुसत्या भोकांचा. भोकांचेही ठिपके उमटू शकतात, पण मला तरी नजर लावून शोधल्याशिवाय दिसले नाहीत. कडेला कापड आखूड पडलं तर तिथून रेझिन सटकणार, ते दोन्हीत सारखंच.

लॉकर, आतले बल्कहेड (बोटीच्या आतल्या भिंती) असलं काही असेल तर खाचांचा खुशाल वापरा, मी पण वापरतो. बाहेरून दिसणारं आणि गडद रंगाचं असेल तर निदान आधी एक छोटं पॅनल टाका, आठवडाभर उन्हात ठेवा आणि मग तिरप्या उजेडात बघा.