किटमास्टरचा जुना डबा: आठ महिन्यांनंतर

गुढीपाडव्याला घेतलेला डबा दिवाळीनंतर रुळावर आला. किटमास्टरच्या प्लॅस्टिक किटमधून जोडायचा मॉडेल डबा: ब्रिटिश रेल्वेचा 'मार्क वन' प्रवासी डबा, मॉडेल रेल्वेच्या ओओ मापाचा. न जोडलेला, पण खोका फाटलेला. एका संग्राहकाकडून मिळाला. आई म्हणाली, "एवढ्या पैशात मुंबईला दहा वेळा जाऊन आला असतास." खरं आहे. आणि किटला जेवढे गेले, जवळपास तेवढेच पुन्हा चाकं, रंग आणि ट्रान्सफरला (डब्यावर चिकटवायची अक्षरं-चिन्हं) गेले. घेणाऱ्याने हा हिशेब आधीच करावा.

किटमास्टर म्हणजे बाहुल्या बनवणाऱ्या रोझबड कंपनीचा उद्योग. १९५९ मध्ये सुरू झाला आणि १९६२ मध्ये एअरफिक्स या दुसऱ्या किट कंपनीकडे गेला, म्हणजे किट माझ्यापेक्षा वयाने मोठं. खरा रेल्वेचा डबा साडेचौसष्ट फुटी. ओओच्या मापाने फुटाला ४ मिमी धरून मॉडेल २५८ मिमी होतं. साचेकाम बघून टूलरूममधल्या माणसाला बरं वाटतं. दारांच्या बिजागऱ्या अजून बोटाला लागतात.

पण साठ वर्षांत छप्पर केळ्यासारखं वाकलं होतं. परातीत हाताला सोसणार नाही इतकं कडक पाणी घेतलं, छप्पर स्टीलच्या पट्टीला बांधून त्यात बुडवलं आणि तसंच थंड होऊ दिलं. तीन वेळा केलं तेव्हा कुठे सरळ आलं. उकळतं पाणी मात्र नको, किटचं प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, भलतीकडेच वळतं.

चिकटवायला ट्यूबमधला गोंद वापरू नका, तारा सुटतात. पातळ सॉल्व्हंट बारीक ब्रशने सांध्यावर टेकवलं की आपोआप आत ओढलं जातं. खिडक्यांपाशी सुपरग्लू तर अजिबात नको; त्याच्या वाफेने काच धुरकट होते. माझ्या दोन झाल्या. त्या शर्टाच्या खोक्याच्या पारदर्शक झाकणातून कापून बसवल्या. मूळ पिवळट काचांपेक्षा त्याच बऱ्या दिसतात.

आपण अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो, पण खरी बोगी म्हणजे डब्याखालची चार चाकांची गाडी. माझा निम्मा वेळ तिथेच गेला. प्लॅस्टिकची चाकं रुळावर घाण पसरवतात, म्हणून धातूची १४ मिमीची घातली. आतल्या बाजूने चाक ते चाक अंतर १४.५ मिमी हवं. कंपनीतून व्हर्नियर आणून मोजलं, तर एका जोडीत पाव मिमीचा फरक निघाला. रुळांच्या सांध्यावर नेमकी तीच जोडी घसरत होती.

वजन वाढवायला सीटखाली शिशाचे तुकडे ठेवले. शिसं फेविकॉलने चिकटवू नका. वर्षांनुवर्षं आतून गंजून ते फुगतं आणि डबा फोडतं. इपॉक्सी वापरा.

आता रंग. या बाबतीत नाशिकच्या हवेने मला रडवलं. मे महिन्यात गच्चीवर स्प्रे मारला, तर रंग हवेतच वाळून डब्यावर पॉलिश पेपरसारखा बसला. तो काढायला हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर घेतला. गाढवपणा माझाच: कोपरा साबणासारखा मऊ झाला. पुटी भरून, घासून पुन्हा तयारी करेपर्यंत पाऊस लागला. श्रावणात मारलेल्या लॅकरवर पांढरी साय आली. शेवटी नवरात्र संपल्यावर, सकाळी दहाच्या सुमारास, पातळ पातळ तीन हात दिले. एकदम छान बसले.

मरून रंग चढल्यावर मोह झाला, याला आपल्या गाडीचा डबा करावा. लहानपणी नाशिकरोडला असेच मरून डबे बघितलेत. पण आपल्या डब्यांच्या खिडक्यांना गज असतात, आणि आपला ब्रॉडगेज १६७६ मिमीचा, म्हणजे या मापात २२ मिमी! ओओचा रूळ साडेसोळाचा, तो इंग्लंडच्या गेजलाही अरुंदच पडतो. सोडून दिलं. सोनेरी-काळी रेघ मारून डबा इंग्लंडचाच ठेवला. जुनी ट्रान्सफर पाण्यात टाकण्याआधी त्यांवर क्लिअर वॉर्निशचा एक हात द्या, नाहीतर चुरा होतो.

आठवडाभर रोज संध्याकाळी फिरवतोय, अजून घसरलेला नाही. छपराचा एक कोपरा परत मिलिमीटरभर उचललाय. ती बाजू भिंतीकडे करून ठेवतो.