8 नंबरचा तयार फ्लाय फिशिंग सेट: रॉड उत्तम, लाइन बदलाच

सेटमध्ये 9 फुटी, चार तुकड्यांचा 8 नंबरचा रॉड (नंबर म्हणजे रॉड किती वजनाची लाइन पेलतो ते), रील, बॅकिंग (लाइनमागची राखीव दोरी), फ्लोटिंग म्हणजे तरंगणारी लाइन आणि लीडर (लाइन आणि फ्लायमधला बारीक पारदर्शक दोरा) येतो. गोव्यात मांडवी, झुआरी, शापोराच्या खाडीत चोणक किंवा तांबोशी हे मासे गरवायला शिकायचं तर नंबर अगदी योग्य आहे. 5 नंबरचा रॉड ट्राउटसाठी ठीक, पण खाडीवरच्या वाऱ्यात तो जड फ्लाय, म्हणजे पिसं-दोऱ्याचं नकली आमिष, पुढे नेत नाही.

रॉडची ताकद मधल्या भागात जाणवते, त्यामुळे नवख्या हाताला लय लवकर सापडते. तुकडे जोडताना कड्या (लाइन ओवायच्या रिंगा) थोड्या तिरक्या ठेवून घुसवा आणि फिरवत एका रेषेत आणा. नुसते दाबून बसवले तर फेकता फेकता सैल होतात.

लाइन मात्र पूर्ण निराश करते. ती थंड पाण्यासाठीची आहे. एप्रिल-मेच्या उन्हात तिचं आवरण मऊ पडून कड्यांना चिकटतं, फेक अर्ध्यावरच थांबतो आणि शिकणारा बिचारा स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. कडक गाभ्याची, उष्ण हवेसाठीची वेट-फॉरवर्ड (पुढच्या भागात वजन असलेली) लाइन वेगळी घ्या. इथे वजन फ्लायचं नसून लाइनचं असतं. 8 नंबरच्या पहिल्या 30 फुटांचं वजन सुमारे 13.6 ग्रॅम भरतं. तेवढ्याच वजनाने रॉड वाकतो, म्हणून या खर्चात काटकसर नको.

सराव मैदानावर करा, वाळूत लाइन खरवडते. फ्लायऐवजी लोकरीचा गोंडा बांधा. रॉडचं टोक खाली ठेवून सुरुवात करा, वेग वाढवत मागे न्या आणि डोक्याच्या जरा मागे झटकन थांबवा. मागे लाइन सरळ होईपर्यंत थांबा, मान वळवून बघितलं तरी चालेल. घाई केली तर चाबकासारखा आवाज येतो, फ्लाय तुटूनही जातो. मनगट मागे वाकलं की लाइन मागे जमिनीवर पडते. पुढे एकदम जोर लावला की लीडरला गाठी पडतात आणि तो तिथेच तुटतो.

सेटमधला लीडर चोणकापुढे टिकत नाही. चोणकाच्या कल्ल्यांच्या कडा धारदार असतात, म्हणून टोकाला 40 पौंडी नायलॉनचा दीड फूट तुकडा जोडा. मानशीपाशी (बांधातल्या पाण्याच्या दारापाशी) ओहोटीचं पाणी खाजनातून, म्हणजे बांध घातलेल्या खाडीकाठच्या शेतातून, बाहेर पडतं तिथे मासा दबा धरून असतो. आधी परवानगी मात्र विचारा. मासा लागला की रॉड वर उचलू नका, लाइन हातानेच सरळ खेचा.

रीलचा ब्रेक बंदिस्त नाही, म्हणजे त्यात खारं पाणी शिरू शकतं. प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने हलकेच धुवा आणि ब्रेक सैल करूनच ठेवा.