फोन बंद करून चालू करायला सांगा: ‘लॉक मारून देतो’चा सोलापुरातला डाव

जुना फोन घेताना दुकानदार ‘इंडियन पीस आहे, कंपनी लॉक आहे’ म्हणाला की आधी तो फोन बंद करायला लावा आणि तुमच्या डोळ्यांसमोर परत चालू करायला लावा. बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना आधी चालणारा आणि पुढचं सॉफ्टवेअर तपासणारा प्रोग्राम, उघडा (अनलॉक) असेल तर बहुतेक फोन चालू होताना तसं सांगतात. पिक्सेलवर नारिंगी खूण असलेला इशारा येतो. शाओमीच्या रेडमी-पोकोवर लोगोसोबत उघडं कुलूप दिसतं. मीडियाटेक प्रोसेसरच्या बऱ्याच फोनवर ‘ऑरेंज स्टेट’ आणि ‘पाच सेकंदांत बूट होईल’ अशी इंग्रजी ओळ झळकते. सगळी फसवणूक या पाच सेकंदांवर उभी आहे. म्हणून तर फोन नेहमी चालू अवस्थेतच हातात दिला जातो: बॅटरी भरलेली, वायफाय जोडलेलं, कॅमेरा उघडून दाखवलेला. कोण कशाला बंद करून बघतोय?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात काम करणाऱ्या एकाची या डावात दोनदा लूट झाली. पहिल्या दुकानाने त्याला चौदा हजारांना रेडमी विकला. चार दिवसांत बँकेचं ॲप ‘हा फोन सुरक्षित नाही’ म्हणून बंद पडलं. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: ‘काय नाही ओ, ॲप अपडेट करा, हुतंय.’ झालं नाही. मग नवी पेठेच्या बाजूला ‘सॉफ्टवेअर मारून देणारा’ दुसरा गाठला. त्याने आठशे रुपये सांगितले, वर ‘लॉक मारून देतो, डेटा पण राहील’ असा शब्द दिला. तासाभराने फोन एका रिकव्हरी पडद्यावर अडकलेला. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं, की ही एमआययूआय (शाओमीचं सॉफ्टवेअर) आवृत्ती या फोनवर बसवता येत नाही. दुकानदार म्हणाला, ‘बोर्ड गेला, साडेचार हजार लागतील.’ दिले. दुसऱ्या दिवशी फोन चालू होऊन मिळाला, पण त्यात भाषा फक्त चिनी आणि इंग्रजी, आणि प्ले स्टोअर गायब.

बोर्ड गेलाही नव्हता आणि बदललाही नव्हता.

झालं असं. फोन मूळ चिनी बाजाराचा. असे फोन ठोक व्यापारी स्वस्तात आणतात, बूटलोडर उघडतात आणि त्यावर भारतीय किंवा ग्लोबल रॉम, म्हणजे फोनचं पूर्ण सॉफ्टवेअर, टाकतात. बूटलोडर उघडा आहे तोवर ते चालतं, कारण उघडा बूटलोडर इशारा देतो पण अडवत नाही. लॉक केला की तो रॉमवरची कंपनीची डिजिटल सही तपासतो आणि शाओमीच्या फोनवर प्रदेशही जुळवून बघतो. चिनी हार्डवेअर, वर भारतीय रॉम आणि बूटलोडर लॉक, हे तिन्ही एकत्र आले की फोन सरळ रिकव्हरीत जाऊन बसतो. दुसऱ्या दुकानदाराने नेमकं हेच घडवलं, तेही बहुधा न बघता. शाओमीवर रॉम टाकायच्या ‘मी फ्लॅश’ या टूलच्या तळाशी उजवीकडे तीन पर्याय असतात: सगळं पुसा, वापरकर्त्याचा डेटा ठेवा, सगळं पुसा आणि लॉक करा. टूलच्या बऱ्याच आवृत्त्यांत हा तिसराच आधीपासून निवडलेला असतो. घाईत फ्लॅशचं बटण दाबणारा फोन लॉक करून बसतो.

आता परत अनलॉक करावा म्हटलं, तर शाओमीचं अनलॉक ज्या ‘मी अकाउंट’ला (शाओमीच्या खात्याला) बांधलेलं असतं ते कुठल्यातरी ठोक व्यापाऱ्याचं. नवं अकाउंट बांधायला फोन आतपर्यंत चालू व्हावा लागतो, आणि तो तर चालूच होत नाही. उरतो ईडीएल, म्हणजे क्वालकॉम चिपमधल्या तातडीच्या डाउनलोडचा मार्ग: मागचं झाकण उघडून बोर्डवरचे टेस्ट पॉइंट जोडायचे, संगणकावर ‘क्यूडीलोडर ९००८’ असं पोर्ट दिसतं, आणि त्यातून मूळ चिनी रॉम टाकायचं. शाओमीच्या अलीकडच्या फोनवर याला परवानगी असलेलं सर्व्हिस अकाउंट लागतं. दुकानदार ते दूरवरून कुणाकडून तरी भाड्याने वापरतात. काम अर्ध्या तासाचं. पैसे लागतात हे खरं, पण ते ‘बोर्ड’चे म्हणून घेणं ही चोरी.

‘बोर्ड बदलला’ ही थाप पकडायला लॅपटॉप लागत नाही. आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बोर्डाबरोबर असतो, झाकणाबरोबर किंवा डिस्प्लेबरोबर नाही. *#०६# दाबा आणि दुरुस्तीच्या आधी लिहून ठेवलेल्या क्रमांकाशी ताडून बघा. क्रमांक तोच असेल तर दोनच शक्यता: बोर्ड बदललाच नाही, किंवा बदलून त्यावर जुना क्रमांक लिहिला. दुसरी गोष्ट सरळ गुन्हा आहे. आयएमईआयशी छेडछाड केली तर दूरसंचार अधिनियम २०२३ च्या कलम ४२ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि खरंच बदलला असेल तर जुना बोर्ड परत मागा. तो तुमचा आहे.

‘डेटा पण राहील’ हाही शब्द कुणी दिला की तिथून उठा. मूळ फर्मवेअर (कंपनीचं सॉफ्टवेअर) टाकून लॉक करायचं म्हणजे डेटा पुसला जाणारच. पिक्सेलवर तर लॉकची आज्ञा दिल्यावर पडद्यावर तसं लिहून येतं आणि आवाजाच्या बटणाने होकार द्यावा लागतो. लॉक केल्यावरही तुमचे फोटो जागेवर असतील तर लॉक झालंच नाही, असं समजून तपासा. दुकानात देण्याआधी बॅकअप स्वतः घ्या आणि सेटिंगमधून गूगल अकाउंट काढून टाका. अकाउंट तसंच ठेवून बाहेरून फोन पुसला की एफआरपी हे गूगलचं चोरीविरोधी कुलूप लागतं, जुना ईमेल-पासवर्ड मागितला जातो, आणि ‘एफआरपी तोडायचे’ आणखी पाचशे रुपये बिलावर चढतात.

विकत घेतानाच चिनी पीस ओळखता येतो. सेटिंगमध्ये ‘फोनबद्दल’ उघडून आवृत्तीचा पूर्ण क्रमांक वाचा. शेवटच्या इंग्रजी अक्षरांत शेवटची दोन एक्सएम, आणि त्यांच्या आधीची दोन प्रदेशाची: आयएन म्हणजे भारत, सीएन म्हणजे चीन, एमआय म्हणजे ग्लोबल, ईयू म्हणजे युरोप. पण यावरून फक्त रॉम कळतं, हार्डवेअर नाही. हार्डवेअरसाठी डेव्हलपर पर्यायांत यूएसबी डीबगिंग चालू करून संगणकावरून एडीबी (फोनला आज्ञा द्यायचं टूल) शेलमध्ये ‘गेटप्रॉप’ पुढे ‘आरओ डॉट बूट डॉट एचडब्ल्यूसी’ विचारा (इंग्रजीत, लहान अक्षरांत, मध्ये खरे ठिपके). उत्तर सीएन आलं तर फोन चीनचा, वर कुठलंही रॉम असो. लॅपटॉप नसेल तर खोका मागा. चिनी खोक्यावर चिनी मजकूर असतो, भारतीय खोक्यावर एमआरपी आणि आयात करणाऱ्याचा किंवा बनवणाऱ्याचा भारतातला पत्ता. ‘खोका हरवला’ असं म्हटलं की भाव तिथेच कमी करा, किंवा सोडा.

कुलूप उघडं आहे की बंद, हे डेव्हलपर पर्यायांत ‘मी अनलॉक स्टेटस’मध्ये दिसतं. फोन रूट केलेला (सिस्टिमवर पूर्ण ताबा मिळवलेला) असेल तर मात्र असे पडदे आणि तपासणारी ॲप्स खोटं बोलायला लावता येतात. बूटची अवस्था ‘ग्रीन’, म्हणजे लॉक, दाखवणारी मॉड्यूल सर्रास मिळतात. मीडियाटेकवर तो ऑरेंज स्टेटचा इशाराच लपवणारे पॅचही आहेत. म्हणून शेवटचा शब्द फास्टबूटचा, म्हणजे अँड्रॉइड सुरू होण्याआधीच्या बूटलोडरच्या पडद्याचा. फोन बंद करून पॉवर आणि आवाज कमीचं बटण एकत्र दाबा. पिक्सेलच्या या पडद्यावर ‘डिव्हाइस स्टेट’ लिहिलेलंच असतं, केबलही लागत नाही. रेडमीवर केबल जोडून ‘फास्टबूट गेटव्हार अनलॉक्ड’ ही आज्ञा द्या. उत्तर ‘नो’ हवं.

सॅमसंगचा डाव वेगळा. तिथे ‘नॉक्स रीसेट करून देतो, वॉरंटी परत शून्य’ म्हणून हजार-दीड हजार घेतात. नॉक्स ही सॅमसंगची सुरक्षा व्यवस्था, आणि तिचा वॉरंटी बिट म्हणजे चिपमधला फ्यूज आहे. बूटलोडर उघडून अनधिकृत इमेज टाकली की तो जळतो आणि ०एक्स१ होतो. मूळ फर्मवेअर टाकलं, लॉक केलं, तरी तो परत जोडला जात नाही. सिक्युअर फोल्डर आणि सॅमसंगचं पेमेंट कायमचं गेलं. डाउनलोड मोडच्या पडद्यावर हा आकडा छापलेला असतो, तोच खरा. सॅमसंगमध्ये आणखी एक फरक कुणी सांगत नाही. सॅमसंगवर फर्मवेअर टाकायच्या ओडिन टूलमध्ये नुसती सीएससी (प्रदेशाच्या सेटिंगची) फाइल दिली की डेटा पुसतो, होम सीएससी दिली की राहतो. आणि बिल्ड क्रमांकात शेवटून पाचवं अक्षर बूटलोडरची पायरी सांगतं. फोनवर ती पाच असेल तर चारचं फर्मवेअर बसणार नाही. जुनं टाकून दे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘होतंय’ म्हणून अनामत घेणारा दुकानदार ती अनामत परत देत नाही.

शाओमीतही जुन्या आवृत्तीकडे मागे जाण्यावर (‘रोलबॅक’) बंधन असलेली मॉडेल्स आहेत. २०१८ च्या रेडमी नोट ५ प्रोने पुष्कळांना हा धडा दिला: अँटी-रोलबॅकचा आकडा चारवर गेल्यावर जुनं रॉम टाकलं की फोन पूर्ण बंद. ‘फास्टबूट गेटव्हार अँटी’ विचारून तो आकडा आधी बघता येतो.

काम बरोबर करणारा माणूस कोणत्या क्रमाने जातो हे माहीत असलं की समोरच्याला जोखता येतं. आधी हार्डवेअरचा प्रदेश. मग त्याच प्रदेशाचं, फोनवर आहे तेवढं किंवा त्याहून नवं अधिकृत फास्टबूट रॉम. हे काही जीबीचं असतं आणि फुकट मिळतं. ‘फाइलचे वेगळे तीनशे’ ही आकारणी खोटी. पिक्सेलची फाइल गूगलच्या पानावर फाइल बरोबर उतरली का ते पडताळायच्या एसएचए-२५६ आकड्यासह आहे, आणि ब्राउझरमधूनच चालणारं अँड्रॉइड फ्लॅश टूलही आहे. शाओमीची टीजीझेड फाइल पूर्ण उलगडून सी ड्राइव्हवर छोट्या नावाच्या, मध्ये जागा नसलेल्या फोल्डरमध्ये ठेवायची. मार्गात जागा आली किंवा फोल्डरात फोल्डर राहिला की मी फ्लॅशला स्क्रिप्ट सापडत नाही, आणि दुकानदार ‘फोनच खराब आहे’ म्हणून मोकळा. बॅटरी निम्म्याच्या वर. केबल डेटाची, नुसती चार्जिंगची नव्हे. पहिल्या फेरीत ‘सगळं पुसा’ एवढंच, लॉक नाही. फोन चालू होऊ द्यायचा, सिम पकडतंय का, आयएमईआय आहे का, वायफाय लागतंय का ते बघायचं. मगच लॉक. पिक्सेलवर ही आज्ञा ‘फास्टबूट फ्लॅशिंग लॉक’, शाओमीवर रॉमसोबतच आलेली ‘फ्लॅश ऑल लॉक’ स्क्रिप्ट. डेव्हलपर पर्यायांतला ‘ओईएम अनलॉकिंग’चा (अनलॉकला परवानगी देणारा) खटका लॉकनंतर फोन एकदा नीट सुरू झाल्यावरच बंद करायचा. आधी बंद केला आणि आत काही बदललेली बूट इमेज राहिली असेल, तर पिक्सेल चालूही होत नाही आणि अनलॉकही होत नाही.

मीडियाटेक फोनवर रॉम टाकायच्या एसपी फ्लॅश टूलमधला ‘फॉरमॅट ऑल’ हा पर्याय दुकानदाराने निवडताना दिसला तर हात धरा. त्यात एनव्हीरॅम (आयएमईआय वगैरे साठवणारा भाग) पुसला जातो, आयएमईआय जातो, आणि वायफायच्या यादीत ‘एनव्हीरॅम वॉर्निंग’ नावाचं भलतंच नेटवर्क दिसायला लागतं. मग ‘आयएमईआय रिपेअर’चं वेगळं बिल. साधं डाउनलोड पुरेसं असतं.

फोन परत घेताना दुकानातच बंद-चालू करा, *#०६# बघा. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट’खाली फोन सर्टिफाइड आहे का वाचा. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, जागा, आणि पंधरा अंकी आयएमईआय असा एसएमएस १४४२२ ला पाठवा. उत्तरात मॉडेल येतं. क्रमांक काळ्या यादीतला किंवा नक्कल निघाला तर तेही कळतं. हा एसएमएस खरं तर विकत घेण्याआधीच पाठवायचा.

बिलावर ‘सॉफ्टवेअर – ८००’ एवढंच लिहून देतात. ते घेऊ नका. फोन देतानाच पावतीवर आयएमईआय, ‘बूटलोडर लॉक करून मूळ फर्मवेअर’ हे काम आणि फोन कोणत्या अवस्थेत दिला ते लिहून घ्या, आणि चालू होतानाचा व्हिडिओ काढा. टॉवेल कारखान्यातल्या त्या माणसाकडे कच्च्या चिठ्ठीशिवाय काही नव्हतं. तरीही यूपीआयने दिलेले साडेचार हजार आणि खोक्यावरचा जुना आयएमईआय, एवढ्यावर बोर्ड बदलला नाही हे दाखवता येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार फुकट नोंदते. सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. चिनी फोन भारतीय म्हणून विकणं आणि न बदललेल्या बोर्डाचे पैसे घेणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालची फसवणूक आहे. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. अर्जात ‘सॉफ्टवेअर खराब केलं’ असं मोघम लिहू नका. कोणत्या तारखेला, कोणता भाग बदलला म्हणून, किती पैसे घेतले आणि आयएमईआय आधी-नंतर काय होता, एवढं लिहा.