चुंबकाने डिझेल वाचतं म्हणे

बॉयलरच्या डिझेल लाइनवर दोन चुंबकं बसवा, १२ टक्के डिझेल वाचेल, असं सांगत कुणी दारात आलं तर हे आधी वाचा. मी ८५ हजारांना गंडलोय.

आमची फलटणजवळ छोटी डेअरी. ताशी ६०० किलो वाफेचा डिझेलवरचा बॉयलर. आलेला माणूस बोलायला गोड. म्हणे चुंबकामुळे डिझेलच्या रेणूंचे गुच्छ सुटतात, ज्वलन पूर्ण होतं. मला त्यातलं काय कळतंय! पण "आठ दिवस आधीचे, आठ दिवस नंतरचे लिटर तुम्हीच लिहा साहेब," म्हणाला, तिथं मी पाघळलो.

आधी रोजचे सरासरी २७० लिटर. मग 'फिटिंग'साठी अर्धा दिवस बॉयलर बंद. नंतर २४७. चिमणीवरचा काटा २८५ अंशांवरून २२० वर. मी खुशीत चेक दिला, वर लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी प्रशस्तिपत्रकही.

तीन महिन्यांत आकडा पुन्हा २६८. फोन केला, तर "तुमच्या डिझेलमध्ये भेसळ असेल." शेवटी आमचे ऑपरेटर मामा चाचरत बोलले. त्या अर्ध्या दिवसात चुंबकवाल्याच्या पोरानं बॉयलरच्या ट्यूबांना ब्रश मारला होता, डिझेल फवारणारं नोझल साफ केलं होतं, हवेचा डँपर, म्हणजे हवा कमी-जास्त करायची झडप, आवळला होता. घमेलंभर काजळी निघाली. मामांना वाटलं, मालकांनीच सांगितलं असेल.

ट्यूबांवर काजळी साचली की उष्णता पाण्याला न मिळता धुरातून जाते; धुराचं तापमान २२ अंश वाढलं की साधारण १ टक्का इंधन जातं. म्हणजे ६५ अंशांचे तीनेक टक्के तिथंच सुटले. जादा हवा तर आपण डिझेल जाळून तापवतो आणि चिमणीतून सोडून देतो. तेलाच्या बॉयलरला धुरात ३-४ टक्के ऑक्सिजन उरला तरी पुरे. आमचा कुणी कधी मोजलाच नव्हता. आणि लिटर मोजले, पण दूध किती तापवलं ते कुठं मोजलं? नंतरच्या आठ दिवसांत दोन दिवस संकलन कमी होतं, माझ्याच वहीत आहे.

चुंबकं काढली, मामांकडून तीच साफसफाई करून घेतली. २४९. चुंबकं आता ऑफिसच्या लोखंडी कपाटाला चिकटलीत, चलनं लावायला बरी पडतात.

परवा एका मिठाईवाल्यांचा फोन आला. "तुमच्या लेटरहेडची झेरॉक्स आहे माझ्यापुढं. सही तुमचीच ना?"

माझीच होती.