पत्नीने जाळायला सांगितलेली पत्रे आणि ती जपणारे दप्तर

माझ्या आजेसासऱ्यांची वकिली सांगली संस्थानच्या काळातली. कामासाठी ते कधी कोल्हापूरला, कधी बेळगावला मुक्काम करीत आणि तिथून गावभागातल्या घरी पत्रे पाठवीत. त्या पत्रांची एक पत्र्याची पेटी आमच्याकडे होती. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी घरात शिरले, तेव्हा मिळकतीचे कागद आणि माझ्या पक्षकारांच्या फायली आधी माडीवर गेल्या आणि ती पेटी खालीच राहिली. पाणी उतरल्यावर पंख्याखाली पान पान सुकवून साधारण तिसरा हिस्सा वाचवता आला. पुढे ती पत्रे मी एका दुकानातून स्कॅन करून आणली आणि घरी येऊन पाहते तो प्रत्येक पानाचा समास कापला गेलेला, मागची बाजू तर घेतलेलीच नाही. जुन्या पत्रांत जागा संपली की उरलेला मजकूर समासात आडवा लिहिण्याची रीत होती, आणि घरातला खरा निरोप पुष्कळदा तिथेच असे. माझ्या सासूबाईंनी ती कापलेली पाने पाहून एवढेच म्हटले की, "यात निम्मे पत्र नाही."

जुन्या कौटुंबिक पत्रांचे दप्तर नीट लावायचे तर ते कसे लावावे, हे शोधताना मी जॉन अ‍ॅडम्स यांच्या पत्रांपर्यंत पोहोचले. गेली अडीच वर्षे मी ती दोन संकेतस्थळांवर नियमित वाचते आहे, आणि वकिलांनी, इतिहासाच्या अभ्यासकांनी, त्याचप्रमाणे घरात जुनी पत्रे असलेल्या कोणीही या विनामूल्य सेवेचा लाभ घ्यावा, या हेतूने हे परीक्षण लिहिते आहे.

अ‍ॅडम्स पुढे १७९७ ते १८०१ या काळात अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष झाले, म्हणून जग त्यांना ओळखते. मात्र मूळचे ते मॅसॅच्युसेट्समधील ब्रेनट्री या गावचे वकील. १७३५ सालचा जन्म, हार्वर्डमधून १७५५ साली पदवी, त्यानंतर वूस्टर येथे शाळेत शिकवीत असतानाच एका ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली कायद्याचे शिक्षण, आणि १७५८ साली बोस्टनमध्ये सनद. १७६४ साली त्यांचा विवाह अबिगेल स्मिथ यांच्याशी झाला. पतिपत्नींचा पत्रव्यवहार विवाहाच्या आधी, १७६२ मध्ये सुरू होतो आणि १८०१ मध्ये, दोघे कायमचे एका घरात राहू लागल्यावर, थांबतो. अशी अकराशेहून अधिक पत्रे उपलब्ध आहेत. (सांगलीच्या वाचकाला १८०१ हे साल वेगळ्या कारणाने आठवेल, कारण त्याच वर्षी चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेपासून वेगळे झाले आणि आपले संस्थान उभे राहिले.)

पहिले संकेतस्थळ बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीचे. ही संस्था १७९१ सालची. अ‍ॅडम्स घराण्याने आपले सगळे दप्तर १९५६ साली तिच्या स्वाधीन केले, आणि त्याच सुमारास त्या दप्तराच्या सूक्ष्मपटांची ६०८ रिळे तयार झाली. या एका आकड्यावरून दप्तराचा पसारा किती असेल, याची कल्पना यावी. इथे पतिपत्नींच्या पत्रांचे फोटो आणि त्यांचा टंकलिखित मजकूर एकत्र पाहता येतो. दुसरे संकेतस्थळ फाउंडर्स ऑनलाइन. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने व्हर्जिनिया विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाच्या साहाय्याने ते २०१३ साली खुले केले. वॉशिंग्टन, फ्रँकलिन, जेफरसन, हॅमिल्टन, मॅडिसन, अ‍ॅडम्स या सर्वांची मिळून १,८०,००० हून अधिक कागदपत्रे, संपादकांच्या टिपांसह, तिथे शोधता येतात. दोन्हीकडे शुल्क नाही आणि वाचण्यासाठी नाव नोंदवावे लागत नाही.

या दप्तराचा मोठा गुण असा की, संपादकांनी काय महत्त्वाचे आणि काय किरकोळ हे वाचकाच्या वतीने ठरवून टाकलेले नाही. पत्र जसे आहे तसे, वरपासून खालपर्यंत दिले आहे. ३१ मार्च १७७६ चे अबिगेलबाईंचे पत्र जगभर उद्धृत होते ते एका वाक्यासाठी: नव्या देशाचे कायदे कराल तेव्हा स्त्रियांची आठवण ठेवा, असे त्यांनी पतीला त्यात बजावले आहे. मी ते वाक्य महाविद्यालयात असताना वाचले होते. संपूर्ण पत्र मात्र इथेच प्रथम वाचले, आणि त्यात बोस्टनच्या घराची हकीकत आहे. इंग्रजांचे सैन्य नुकतेच शहर सोडून गेलेले, घरात एका पलटणीचा डॉक्टर राहून गेलेला. घर अतिशय घाण झाले आहे, पण दुसरे नुकसान नाही, मागे ठेवलेल्या थोड्याफार वस्तू मात्र सगळ्या गेल्या, असे त्या कळवतात. कपडे घरीच तयार करावे लागतात, हेही आहे. आणि त्या पतीला स्त्रियांच्या हक्काबद्दल सांगतात ते या सगळ्याच्या मधोमध. पुराचा गाळ काढून झाल्यावर घरात काय राहिले आणि काय गेले याची यादी मीही केलेली असल्यामुळे, हे पत्र मी त्या दिवशी तीनदा वाचले.

टाचण्यांचे पत्रही असेच. १६ जून १७७५ रोजी अबिगेलबाई फिलाडेल्फियाला काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेत, बसलेल्या पतीकडे टाचण्यांचा एक पुडा मागतात, कारण पूर्वी साडेसात शिलिंगांना मिळणाऱ्या टाचण्यांना आता वीस शिलिंग पडतात आणि तेवढे देऊनही त्या मिळत नाहीत. दुसऱ्याच दिवशी बोस्टनजवळ इंग्रजांशी बंकर हिलची लढाई झाली. १८ जूनच्या पत्रात चार्ल्सटाउन जळाल्याची आणि त्यांचे स्नेही डॉ. वॉरन पडल्याची वार्ता आहे. फाउंडर्स ऑनलाइनवर एका पत्राखालून पुढच्या पत्रावर जाता येते, म्हणून टाचण्या आणि लढाई असे एका बैठकीत, लागोपाठ वाचून होतात.

चहाचा प्रसंग तर मी घरात सर्वांना वाचून दाखवला. जॉन यांनी फिलाडेल्फियाहून काँग्रेसमधील सहकारी एल्ब्रिज गेरी यांच्याबरोबर उत्तम हिरव्या चहाचा डबा घरी पाठवला. चहा त्या वेळी अतिशय दुर्मिळ आणि महाग. गेरी यांनी तो चुकून सॅम्युएल अ‍ॅडम्स यांच्या पत्नीकडे पोहोचवला. आठवड्याभराने अबिगेलबाई त्यांच्याकडे भेटीला गेल्या, तिथे त्यांना सुरेख चहा मिळाला, आणि कुठून आणला असे विचारताच यजमानीण म्हणाली, माझ्या ह्यांनी गेरींबरोबर पाठवला. अबिगेलबाई तिथे काही बोलल्या नाहीत. आपल्याही नवऱ्याला असे सुचायला हरकत नव्हती, एवढे मनात आले, असे त्यांनी ७ सप्टेंबर १७७६ च्या पत्रात पतीला कळवले आहे. आपण त्यांच्यासाठीच पाठवलेला चहा दुसऱ्या घरी गेला, हे ५ सप्टेंबरच्या जॉन यांच्या पत्रात आधीच आलेले आहे. दोन्ही पत्रे शेजारी उघडून ठेवावीत. वाटेत एकमेकांना चुकवून गेलेली पत्रे असतात कशी, हे इतके स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलेले नाही.

वकील म्हणून मला या दप्तरातून काय मिळाले, ते थोडे सविस्तर सांगते. जॉन यांची वकिली फिरतीची होती. न्यायालय गावोगाव बसे आणि वकील घोड्यावरून त्याच्यामागे जात. तासगाव, इस्लामपूर, जत अशा तारखा केलेल्या माणसाला हे परके वाटणार नाही. १७७४ च्या उन्हाळ्यात ते आजच्या मेनमधील यॉर्क आणि फॅलमथ येथून रोज-दोन रोजांनी पत्र लिहितात. ७ जुलैच्या पत्रात रिचर्ड किंग या आपल्या पक्षकाराची कैफियत आहे. जमावाने त्याच्या घरात घुसून कुटुंबाची जी दैना केली, तिचे वर्णन पत्नीला लिहिताना त्यांचा हात थरथरला असावा, असे वाटते. न्यायालयीन कागदपत्रांची तीन खंडांची १९६५ सालची आवृत्तीही फाउंडर्स ऑनलाइनवर आहे. तीत ५ मार्च १७७० च्या बोस्टन गोळीबाराचे, म्हणजे इंग्रज सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्याचे, खटले आहेत. गावात कोणीही उभे राहायला तयार नसताना अ‍ॅडम्स यांनी कॅप्टन प्रेस्टन आणि आठ सैनिकांचे वकीलपत्र घेतले. प्रेस्टन सुटला, सहा सैनिक सुटले, आणि दोघांना आपल्या भाषेत ज्याला सदोष मनुष्यवध म्हणू त्याबद्दल दोषी धरून अंगठ्यावर डाग देण्यात आला. त्या काळातली पतिपत्नींची पत्रे मात्र जवळपास नाहीत, कारण दोघे एकाच घरात होते. घरी त्या दिवसांत काय बोलणे झाले, ते कळायला मार्ग नाही.

पुढे जॉन युरोपात वकिलात करीत असताना घरचा व्यवहार अबिगेलबाईंच्या हातात आला, आणि व्यावसायिक पत्रांचा खरा साठा इथे आहे. जॉन यांनी बिल्बाओच्या गार्डोकी पेढीमार्फत रुमाल, कापड असा माल घरी धाडावा, बाईंनी तो नातेवाइकांमार्फत विकावा, आणि त्यावर घर चालवावे, असा क्रम होता. जॉन यांचा जीव जमिनीत, बाईंचा कल सरकारी रोख्यांकडे. १७८२ मध्ये बाईंनी व्हरमाँटमध्ये जमीन घेतली, तेव्हा पुन्हा व्हरमाँटच्या भानगडीत पडू नका, असे पतीने लिहिले. तेव्हाच्या तिथल्या कायद्याप्रमाणे विवाहित स्त्रीची जंगम मिळकत पतीची समजली जाई. तरीही अबिगेलबाई काही रक्कम आपलीच मानून वेगळी ठेवीत, आणि १८१६ साली त्यांनी मृत्युपत्र केले, तेही मुख्यतः स्त्री-नातलगांच्या नावे. कायद्याने त्याला आधार नव्हता. १८१८ मध्ये त्या गेल्यावर पतीने ते पाळले. स्त्रीधनाचे दावे चालवताना मला या मृत्युपत्राची आठवण वरचेवर होते.

आता अडचणी. फाउंडर्स ऑनलाइनवर मजकूर आणि टिपा आहेत, मूळ पानाचे फोटो नाहीत. त्यासाठी बोस्टनचे संकेतस्थळ शेजारी उघडावे लागते. अबिगेलबाईंना शाळा मिळाली नव्हती, त्या कानाला येईल तसे लिहीत, आणि संपादकांनी ते शुद्धलेखन तसेच ठेवले आहे. हे मला योग्य वाटते, परंतु त्यामुळे एखादा शब्द शोधताना दोन-तीन प्रकारे लिहून पाहावा लागतो. लेखक, प्राप्तकर्ता आणि तारीख यांवरून शोधणे अधिक सोयीचे. टिपांमधील संक्षेप सवयीने कळू लागतात. फोटो मोबाइलवर वाचण्याचा हट्ट धरू नये, संगणकाचा मोठा पडदा हवा. ज्यांना इंग्रजी वाचनाचा सराव कमी आहे, त्यांनी छोट्या घरगुती पत्रांपासून सुरुवात करावी, राजकीय पत्रे नंतर.

आपल्याकडे हे काम झालेले नाही, असे मुळीच नाही. मिरजेत शिक्षक असलेल्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रे 'ऐतिहासिक लेखसंग्रह' म्हणून खंडामागून खंड छापली, आणि ती पत्रे याच अठराव्या शतकातली आहेत. अ‍ॅडम्स यांची पत्रे वाचताना ते खंड मी ग्रंथालयातून पुन्हा आणले. माझी इच्छा इतकीच की, मोडीतले मूळ पान आणि बाळबोध मजकूर असे शेजारी शेजारी, तारखेवरून शोधता येतील अशा रीतीने, सांगली-मिरजेच्या वाचकालाही घरबसल्या मिळावे.

पत्रे जपण्याचा प्रश्न खुद्द अ‍ॅडम्स यांच्यापुढेही आला होता. अबिगेलबाईंनी आपली पत्रे जाळून टाकायला सांगितले होते. त्यावर २८ एप्रिल १७७६ च्या पत्रात पतीने उत्तर दिले की, आधी तुला विसरावे लागेल. २ जून १७७६ च्या पत्रात ते लिहितात की, वीस वर्षे पत्रे लिहितो आहे, पण एकाचीही नक्कल ठेवली नाही. आता मोठी कोरी वही विकत घेतली आहे, हे पत्र तिच्या पहिल्याच पानावर लिहितो आहे, तूही अशी वही ठेव, कारण तुझी पत्रे माझ्या पत्रांपेक्षा अधिक जपण्याजोगी आहेत. जुलै १७७५ मध्ये त्यांचे पत्नीला लिहिलेले एक पत्र इंग्रजांच्या हाती लागून छापले गेले होते. तरीही हा वकील लिहिणे थांबवत नाही, वही विकत घेतो.

बोस्टनच्या संकेतस्थळावरची पाने पाहिल्यावर मी आमची वाचलेली पत्रे पुन्हा काढली. या वेळी दुकानात दिली नाहीत. खिडकीशी, दुपारच्या उजेडात, प्रत्येक कागद पुरता उलगडून, काठापलीकडे टेबलाची बोटभर फळी दिसेल असा, दोन्ही बाजूंनी फोटो घेतला. सासूबाई शेजारी बसून समासातला आडवा मजकूर वाचत होत्या आणि मी तारखेनुसार उतरवून घेत होते. बेळगावहून आलेल्या एका पत्राच्या समासात आजेसासऱ्यांनी खटल्याची पुढची तारीख लिहून तिच्याखाली विचारले आहे की, मागच्या खेपेस पाठवलेले चोळीचे खण पावले की नाही. त्याचे उत्तर ज्या पत्रात असेल, ते पाण्यात गेले.